माणसामागोमाग उंदीर

संस्कृतमध्ये मूषक, लॅटिनमध्ये मूस, ग्रीकमध्ये म्यूस, जर्मन आणि इंग्रजीत माउस. एका छोट्याशा प्राण्याची इतक्या भाषांतली नावे एवढी सारखी कशी? भाषातज्ज्ञ सांगतात, या सगळ्या भाषा एकाच जुन्या भाषेपासून फुटल्या आहेत. म्हणजे त्या वेगळ्या होण्याआधीच ती जुनी भाषा बोलणाऱ्यांची उंदराशी ओळख झालेली होती. (आपला ‘उंदीर’ हा शब्द मात्र संस्कृतातल्याच ‘उंदुर’ या दुसऱ्या शब्दावरून आला आहे.) शब्द माणसांच्या तोंडून देशोदेशी गेला. आणि खुद्द उंदीर? तोही माणसांबरोबरच गेला. धान्याच्या पोत्यातून, गवताच्या भाऱ्यातून आणि जहाजाच्या तळातून. ही वाट शास्त्रज्ञ कशी शोधून काढतात आणि त्या वाटेवर खुद्द उंदरात काय काय बदलले, ते या लेखात आपण पाहू.

आधी नावाचा थोडा खुलासा करायला हवा. इंग्रजीत ज्यांना ‘रॅट’ आणि ‘माउस’ म्हणतात त्या दोघांनाही आपण उंदीरच म्हणतो. घूस हीदेखील त्यांचीच मोठी नातेवाईक. चिचुंद्री मात्र उंदीर नव्हे. ती कीटक खाणारी, अगदी वेगळ्या गणातली. या लेखात उंदीर म्हणजे घरातला छोटा उंदीर, ‘माउस’. बोटभर लांबीचा, शेपूटही जवळजवळ तेवढीच लांब, वजन साधारण १५ ते २० ग्रॅम. शास्त्रीय नाव मस मस्क्युलस. लॅटिनमध्ये मस्क्युलस म्हणजे ‘छोटा उंदीर’. अंटार्क्टिका सोडल्यास आज तो प्रत्येक खंडावर आहे.

एवढासा प्राणी एवढ्या दूर कसा?

पक्षी उडून जातात, मोठी जनावरे मैलोन्‌मैल चालतात. उंदराचे सगळे आयुष्य मात्र बहुधा काही मीटरच्या परिघातच जाते. रुंद नदी, उंच डोंगर किंवा कोरडे वाळवंट आडवे आले की त्याची वाट खुंटते. म्हणूनच छोट्या रानटी सस्तन प्राण्यांच्या पुष्कळ जाती अगदी छोट्या प्रदेशात आढळतात. आपल्याजवळचेच उदाहरण घ्या. पुण्याजवळ सिंहगडावर सापडलेल्या मऊ केसांच्या एका उंदराला १९७५ मध्ये ‘मिलार्डिया कोंडाना’ असे नाव मिळाले. सिंहगडाचे जुने नाव कोंढाणा, त्यावरून हे नाव. हा उंदीर आजही फार थोड्या भागातूनच माहीत आहे.

याचा एक फायदा असा, की छोट्या प्राण्याच्या वस्तीचा नकाशा हा एक प्रकारचा दस्तऐवज ठरतो. जो प्राणी स्वतःहून दूर जाऊ शकत नाही, तो दूरवर सापडला तर त्यामागे काही कारण असलेच पाहिजे. एक तर पूर्वी जमीन जोडलेली असेल, किंवा हवामान वेगळे असेल, किंवा कोणीतरी त्याला नेले असेल. घरातल्या उंदराच्या बाबतीत हा ‘कोणीतरी’ म्हणजे आपणच.

मूळ गाव कोणते?

एखादा प्राणी जगभर पसरला असेल तर त्याचे मूळ स्थान ओळखायचे कसे? समजा, एका कोठारात दहा जातींचे बियाणे मिसळून ठेवले आहे. त्यातले मूठभर बी घेऊन एक शेतकरी दुसऱ्या गावी गेला. त्या मुठीत दहापैकी सहा-सात जातीच आल्या. तिथून कोणी तिसऱ्या गावी मूठभर बी नेले. त्यात तीन-चारच जाती उरल्या. आता ही तिन्ही गावे आपल्याला दाखवली आणि ‘मूळ कोठार कोणते?’ असे विचारले, तर आपण काय सांगू? अर्थातच, जिथे सर्वांत जास्त विविधता आहे ते.

डीएनएच्या बाबतीत शास्त्रज्ञ हाच न्याय लावतात. निरनिराळ्या देशांतल्या उंदरांचे डीएनए तपासले, तेव्हा इराण, पाकिस्तान आणि भारताचा वायव्य भाग या पट्ट्यात विविधता खूप आढळली. हिमाचल प्रदेशात पकडलेले उंदीर अशा अभ्यासांत वारंवार वापरले गेले आहेत. म्हणजे उंदराचे मूळ गाव आपल्या शेजारीच, किंबहुना काही अंशी आपल्याच घरात आहे.

या मूळ वस्तीतून सुमारे ५ लाख वर्षांपूर्वी वेगवेगळे गट फुटू लागले. त्यांपैकी तीन मुख्य गटांना आज उपजाती मानतात. पश्चिम आशियातून पश्चिम युरोपात आणि पुढे अमेरिका, ऑस्ट्रेलियापर्यंत पोचलेला ‘डोमेस्टिकस’, पूर्व युरोपपासून उत्तर चीनपर्यंत पसरलेला ‘मस्क्युलस’, आणि दक्षिण व आग्नेय आशियातला ‘कॅस्टेनियस’. आपल्या फडताळामागे खुडबुड करणारा तो हा तिसरा.

शेतीच्या आधीच घरात

उंदीर माणसाच्या घरात कधी आला? ‘माणूस शेती करू लागला, धान्य साठवू लागला, तेव्हा,’ असे उत्तर पूर्वी दिले जाई. ते तर्काला धरूनही होते. पण २०१७ मध्ये लिओर वाइसब्रॉड, फिओना मार्शल, तोमा कुकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने हे उत्तर बदलले.

इस्राएल-जॉर्डनच्या भागात सुमारे १५ हजार वर्षांपूर्वी नाटुफियन नावाने ओळखली जाणारी माणसे राहत होती. ही माणसे शिकार करीत, रानातले धान्य गोळा करीत. शेती त्यांना ठाऊक नव्हती. पण दगडी पायाची घरे बांधून ती एका जागी दीर्घकाळ राहू लागली होती. त्यांच्या वस्त्यांच्या उत्खननात उंदरांच्या दाढा सापडतात. दाढ केवळ एक-दोन मिलिमीटरची. पण तिची बाह्यरेषा संगणकावर बारकाईने मोजली, तर ती कोणत्या जातीच्या उंदराची आहे हे सांगता येते.

त्या भागात उंदरांच्या दोन जाती होत्या. एक घरातला डोमेस्टिकस, दुसरा त्याचा आखूड शेपटीचा रानटी भाऊबंद, मस मॅसिडोनिकस. निरनिराळ्या काळांतल्या दाढा मोजल्यावर एक गमतीदार आलेख मिळाला. माणसे एका जागी स्थिर राहत, त्या काळात डोमेस्टिकसची संख्या वाढे आणि मॅसिडोनिकस बाहेर ढकलला जाई. माणसे पुन्हा भटकू लागली, की मॅसिडोनिकसचे प्रमाण परत वाढे. म्हणजे शेतीच्या सुमारे ३ हजार वर्षे आधीच, केवळ माणसाच्या ‘एका जागी राहण्या’ने उंदरांमधल्या स्पर्धेचे पारडे फिरले होते!

पण हा निष्कर्ष पडताळून कसा पाहायचा? १५ हजार वर्षांपूर्वीची वस्ती तर आज नाही. म्हणून हे संशोधक केनियात गेले. तिथे मसाई पशुपालकांच्या अर्ध-फिरत्या वस्त्यांत काटेरी केसांच्या उंदरांच्या दोन जाती राहतात. एकीची शेपूट लांब, दुसरीची आखूड. त्या वस्त्यांतही या दोन जाती शेजारी शेजारी नांदताना आणि लांब शेपटीची जात संख्येने वरचढ झालेली दिसली. आजच्या निरीक्षणाने जुन्या पुराव्याचा अर्थ लावण्याची ही रीत मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे.

इथे आपली एक समजूतही तपासून पाहायला हवी. माणसाने गाय, बकरी, कुत्रा पाळला तसा उंदीर कधी पाळला नाही. त्याने तर उंदीर हाकलायचाच प्रयत्न केला. तरीही माणसाने नकळत एक नवे पर्यावरण तयार केले. त्यात ऊब होती, निवारा होता, सांडलेले अन्न होते, शत्रू कमी होते. जो प्राणी या पर्यावरणात टिकू शकला, तो माणसाशी जोडला गेला.

जहाजावरचा फुकट्या प्रवासी

एकदा माणसाशी जोडला गेल्यावर माणूस जाईल तिथे उंदीर जाणारच. सायप्रस बेटावर शेतकरी पोचले, त्यांच्याबरोबर घरातला उंदीरही पोचला. याच बेटावर माणसाशेजारी पुरलेले सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचे मांजर सापडले आहे. उंदीर आला म्हणून मांजर आणले असेल का, हा प्रश्न आपल्याला सहज सुचतो. आणखी गंमत म्हणजे, माणूस येण्याआधीपासून तिथे राहणारा एक रानटी उंदीर आजही त्या बेटावर आहे. ती वेगळी जात आहे हे २००६ मध्ये कुठे ध्यानात आले. मस सिप्रियाकस हे तिचे नाव.

तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्याजवळ उलुबुरुन इथे इसवी सनापूर्वी सुमारे १३०० मध्ये एक व्यापारी जहाज बुडाले. तांबे, कथील, काच अशा मालाबरोबर त्यात उंदराचा एक जबडाही मिळाला. त्याच्या दाढेचा आकार सीरियाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या उंदरांशी सर्वांत जास्त जुळला. जहाज त्या बंदरात मुक्कामाला असावे, याचा साक्षीदार ठरला तो एक उंदीर.

उत्तरेकडेही हीच गोष्ट. जेरेमी सर्ल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर अटलांटिकमधल्या उंदरांच्या मायटोकाँड्रियातला डीएनए तपासला. हा डीएनए केवळ आईकडून येतो, त्यामुळे त्यावरून वंशाची एक सरळ रेषा काढता येते. आइसलँडमध्ये व्हायकिंग लोक नवव्या शतकात वस्तीला गेले. तिथले जुने आणि आजचे उंदीर एकाच वंशाचे निघाले. व्हायकिंगांच्या ग्रीनलँडमधल्या वस्त्यांत सापडलेल्या जुन्या हाडांतही तोच वंश मिळाला. पण कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावर, जिथे व्हायकिंग थोडाच काळ राहिले, तिथे त्यांच्या उंदरांचा मागमूस लागला नाही. वस्ती टिकली तरच उंदीर टिकतो, हेही त्यातून दिसले.

मदिराची खोरी

आतापर्यंत आपण उंदराचा प्रवास पाहिला. पण प्रवासात तो आहे तसाच राहिला का? या प्रश्नाचे सर्वांत नाट्यमय उत्तर मदिरा बेटावर मिळते.

मदिरा हे अटलांटिक महासागरातले पोर्तुगालचे एक ज्वालामुखीजन्य बेट. क्षेत्रफळ सुमारे ७४० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढे. मधोमध उंच कडे आणि किनाऱ्याकडे उतरणारी अरुंद, खोल खोरी. गावे या खोऱ्यांत वसलेली. जेनिस ब्रिटन-डेव्हिडियन आणि सहकाऱ्यांनी बेटावरच्या ठिकठिकाणच्या उंदरांची गुणसूत्रे मोजली आणि २००० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात निष्कर्ष मांडला. सर्वसाधारण उंदरात ४० गुणसूत्रे असतात. मदिरावर मात्र २२ ते २८ गुणसूत्रांचे सहा वेगवेगळे गट निघाले. दिसायला सगळे सारखेच!

गुणसूत्रे कमी झाली, म्हणजे जनुके हरवली का? नाही. हे नीट समजण्यासाठी वर्गात काड्या घेऊन बसावे. उंदराची ४० गुणसूत्रे म्हणजे ४० सुट्या काड्या, म्हणजेच २० जोड्या. कधीकधी दोन काड्या टोकाला टोक लागून कायमच्या जोडल्या जातात. काड्यांची संख्या कमी होते, पण लाकूड तेवढेच राहते. अशी नऊ जोडणी दोन्ही संचांत झाली की ४० मधून १८ वजा होऊन २२ उरतात.

अडचण येते ती पुढच्या पिढीत. शुक्रपेशी आणि अंडपेशी तयार होताना प्रत्येक काडीला आपला जोडीदार शोधावा लागतो. एका पालकाकडून ‘१’ आणि ‘२’ या सुट्या काड्या आल्या आणि दुसऱ्याकडून ‘१-२’ अशी जोडलेली काडी आली, तर तिघांचा गट जमतो. एवढ्याने बहुधा निभावून जाते. पण एका खोऱ्यात ‘१-२’ जोडली गेली आहे आणि शेजारच्या खोऱ्यात ‘२-३’, असे असेल तर? ‘१-२’ ला ‘२-३’ चिकटते, तिला आणखी एखादी, आणि एक लांब साखळीच तयार होते. वाटणी करताना गुणसूत्रे कमीजास्त जातात आणि संकराची प्रजननक्षमता घटते. दोन गटांमध्ये भिंत उभी राहू लागते. नवी जाती निर्माण होण्याच्या वाटेवरचे हे एक पाऊल.

हे सारे किती काळात घडले? पोर्तुगीज मदिरावर पंधराव्या शतकात आले, त्यावरून सुरुवातीला हा काळ सुमारे ५०० वर्षे धरला होता. पुढे बेटावर सापडलेल्या उंदराच्या एका हाडाचे कार्बन पद्धतीने वय काढले. ते इसवी सन ९०३ ते १०३६ यांच्या दरम्यानचे निघाले, आणि २०१४ मध्ये ही माहिती प्रसिद्ध झाली. म्हणजे पोर्तुगिजांच्याही आधी कोणाचे तरी जहाज तिथे पोचले होते. कदाचित व्हायकिंगांचे, कारण तिथल्या उंदरांचा डीएनए उत्तर युरोपशी नाते सांगतो. तेव्हा ५०० ऐवजी १००० वर्षे म्हणू. तरीही उत्क्रांतीच्या हिशेबात हा काळ डोळ्याची पापणी लवण्याएवढाच. ‘उत्क्रांती म्हणजे लाखो वर्षांपूर्वी घडून गेलेली गोष्ट’ असे सांगणाऱ्या विद्यार्थ्यापुढे मदिराचे उंदीर ठेवायला हरकत नाही.

असा प्रकार केवळ बेटावरच घडतो असेही नाही. स्वित्झर्लंडमधल्या पोस्कियावो खोऱ्यातल्या उंदराला १८६९ मध्ये वेगळी जात ठरवले होते. शंभर वर्षांनी आल्फ्रेड ग्रोप यांनी त्याची गुणसूत्रे मोजली, ती २६ भरली. तेव्हापासून अशा गटांचा शोध सुरू झाला आणि आज त्यांची संख्या शंभराच्या घरात गेली आहे.

युरोपमधली अदृश्य रेषा

युरोपात पश्चिमेचा डोमेस्टिकस आणि पूर्वेचा मस्क्युलस जिथे भेटतात, तिथे डेन्मार्कपासून बल्गेरियापर्यंत एक अरुंद पट्टा आहे. लांबी अडीच हजार किलोमीटरच्या आसपास, रुंदी मात्र त्या मानाने अगदी थोडी. या पट्ट्यात दोन्हींचे संकर होतात, पण ते पट्ट्याबाहेर फारसे पसरत नाहीत, कारण संकरित नरांपैकी पुष्कळांची प्रजननक्षमता कमी असते. यामागच्या जनुकांपैकी एक, ‘पीआरडीएम-९’ नावाचे, चेक शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये शोधून काढले. सस्तन प्राण्यांत संकराच्या वंध्यत्वाशी जोडले गेलेले हे पहिले जनुक. एकाच जातीच्या दोन शाखा दुरावत चालल्या आहेत, पण अजून पुरत्या तुटल्या नाहीत, अशी ही अवस्था आहे.

भिंती उभ्या राहतात, तशा त्यांना फटीही असतात. वॉरफरिन हे विष १९५० च्या सुमारास उंदीर मारण्यासाठी वापरात आले. त्याने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते आणि अंतर्गत रक्तस्राव होऊन उंदीर मरतो. काही काळाने विषाला दाद न देणारे उंदीर दिसू लागले. २०११ मध्ये असे आढळले, की स्पेन आणि जर्मनीतल्या काही उंदरांना हा गुण चक्क दुसऱ्या जातीकडून मिळाला होता. स्पेन आणि उत्तर आफ्रिकेत मस स्प्रेटस नावाचा रानटी उंदीर असतो. त्याच्याशी क्वचित कधी संकर झाला, त्यातून विषाला तोंड देणारे जनुक घरातल्या उंदरात आले, आणि विषाचा वापर चालू असल्यामुळे ते जनुक असलेले उंदीरच टिकत गेले. नैसर्गिक निवडीचे याहून घरगुती उदाहरण कोणते असणार?

हे कळून उपयोग काय?

दक्षिण अटलांटिकमध्ये गॉफ नावाचे निर्जन बेट आहे. एकोणिसाव्या शतकात सीलची शिकार करणाऱ्यांच्या जहाजांतून तिथे उंदीर उतरले. शत्रू नाही, प्रतिस्पर्धी नाही. ते आकाराने नेहमीच्या उंदरांपेक्षा सुमारे दीडपट झाले आणि समुद्रपक्ष्यांची पिल्ले जिवंतपणी कुरतडून खाऊ लागले. त्रिस्तान अल्बाट्रॉस हा पक्षी जवळजवळ पूर्णपणे याच बेटावर घरटी करतो. जमिनीवरच्या शिकाऱ्याशी त्याची कधी गाठच पडलेली नव्हती, त्यामुळे पिल्लांना प्रतिकार ठाऊक नाही. २०२१ मध्ये हेलिकॉप्टरमधून विषारी आमिष टाकून उंदीर नाहीसे करण्याचा मोठा प्रयत्न झाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये कॅमेऱ्यात पुन्हा जिवंत उंदीर दिसला. एका पक्ष्याचे भवितव्य या १५-२० ग्रॅमच्या प्राण्यात होणाऱ्या बदलांवर अवलंबून आहे. कोणत्या बेटावर कोणता वंश आहे, तो कुठून आला, विषाला दाद देईल की नाही, हे माहीत असणे म्हणूनच केवळ पुस्तकी प्रश्न उरत नाही.

आपल्या शेतात

आता आपल्याकडे वळू. आपल्या शेतांत बांधाजवळ बिळे करून राहणारे छोटे रानटी उंदीर असतात. मस बुडुगा आणि मस टेरिकलर या त्यांतल्या दोन जाती दिसायला इतक्या सारख्या, की एकाच शेतात राहत असूनही ओळखताना गोंधळ उडतो. बनारस हिंदू विद्यापीठात टी. शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांच्या गुणसूत्रांचा अभ्यास केला. दोघांचीही गुणसूत्रे ४०; पण टेरिकलरच्या काही गुणसूत्रांना जादा आखूड बाहू फुटलेले. शिवाय टेरिकलरमध्येही निरनिराळ्या प्रदेशांत गुणसूत्रांचे तीन प्रकार आढळले. म्हणजे मदिरात जे काड्या जोडून घडले, त्याच तऱ्हेचे काहीतरी आपल्या शेतांत काड्यांना तुकडे जोडून घडते आहे.

भारतातल्या सस्तन प्राण्यांची पहिली मोठी पद्धतशीर पाहणी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९११ मध्ये सुरू केली, आणि तिची सुरुवात खानदेशातून झाली होती. उंदरा-चिचुंद्र्यांची कातडी आणि कवट्या त्या वेळी चिठ्ठ्या लावून जपून ठेवल्या गेल्या. कुठे आणि कधी मिळाले, एवढ्या दोन नोंदी असल्या की शंभर वर्षांनीही असा नमुना उपयोगी पडतो. आज त्याच जागी तोच प्राणी आहे का, हे विचारता येते.

ही नोंदीची सवय शाळेतही लावता येईल. त्यासाठी उंदीर पकडण्याची गरज नाही; पकडू नयेत, कारण लेप्टोस्पायरोसिससारखे रोग त्यांच्यापासून होतात. गव्हाणी घुबड जुन्या वाड्यात किंवा देवळाच्या शिखरात राहत असेल, तर त्याच्या बैठकीखाली काळपट गोळे पडलेले मिळतात. घुबड भक्ष्य गिळते आणि न पचलेली हाडे व केस गोळ्याच्या रूपात ओकून टाकते. हातमोजे घालून, घुबडाला त्रास न देता असे गोळे गोळा करावेत. पाण्यात उकळून थंड झाल्यावर ते चिमट्याने सोडवावेत. कवट्या वेगळ्या काढाव्यात. उंदराच्या जबड्यात पुढे पटाशीसारखे दात आणि त्यामागे मोठी मोकळी जागा दिसेल. चिचुंद्रीच्या जबड्यात टोकदार दातांची सलग ओळ असेल. कोणत्या प्रकारच्या कवट्या किती, हे गावाचे नाव आणि तारीख घालून वहीत लिहावे. काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत.

दोन-तीन गावांतल्या शाळांनी हीच नोंद वर्षभर ठेवली, तर पावसाळ्यात, सुगीत आणि उन्हाळ्यात घुबडाचे भक्ष्य कसे बदलते याचा एक छोटा आलेख तयार होईल. नदीच्या अलीकडे आणि पलीकडे काही फरक दिसतो का, हेही पाहता येईल. मोठ्या संशोधनातही प्रश्न याच रीतीने विचारले जातात. कोणता प्राणी, कुठे, किती, आणि का? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे विद्यार्थ्यांच्या वहीत जमा झाली, की चौथा प्रश्न ते स्वतःहून विचारतील, असे आम्हाला वाटते.